अश्विन वासनिकचा ट्रेबल

अश्विन वासनिककडे आज तीन गिटार आहेत, दोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि गिटारचा आवाज बदलणारी, पायानं दाबायची सहा खोकी. इंदोऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत हे सगळं एका भिंतीला लावून ठेवलेलं असतं, उरलेल्या जागेत पाहुणे बसतात. अश्विन अडुसष्ट वर्षांचा आहे. टेलिफोन खात्यात केबल जोडण्याचं काम करून तो निवृत्त झाला. रॉक गिटार मात्र सत्तेचाळीस वर्षांपासून वाजवतो आहे आणि ते काम त्यानं अजून सोडलेलं नाही.

त्याचे वडील देवाजी कापड गिरणीत होते. छप्पन सालच्या आश्विन महिन्यात त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा त्याचं नाव अश्विनच ठेवलं. घरात गाणं होतं. देवाजी वस्तीतल्या भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवायचे. मुलानंही पेटी वाजवावी असं त्यांना वाटे. पण अश्विननं कॉलेजात असताना रेल्वे कॉलनीतल्या एका नाचगाण्याच्या कार्यक्रमात विजेची गिटार ऐकली आणि पेटी तिथंच संपली.

पहिली गिटार साधी लाकडी, कलकत्त्याहून आलेली, सीताबर्डीतल्या वाद्यांच्या दुकानातून घेतलेली. ती विजेची नव्हती. नोकरी लागल्यावर अश्विननं खात्यानं टाकून दिलेल्या एका टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं चुंबक आणि गुंडाळी काढली आणि गिटारच्या तारांखाली बसवली. आवाज आला. फार बरा नव्हता, पण आला.

पुढचा आवाज रुपरावनं दिला. रुपराव म्हणजे बर्डीवरच्या एका गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा. गिटारचा आवाज फाडून भरड करणारं एक खोकं विलायतेत मिळतं, त्याला फझ म्हणतात, एवढं अश्विननं त्याला सांगितलं. त्याच्या जोडणीचा नकाशा एका जुन्या मासिकातला होता. रुपरावनं दोन जुने ट्रान्झिस्टर घेऊन ते खोकं पेढ्यांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून दिलं. वाजवून पाहिल्यावर तो म्हणाला, "असा आवाज आला की लोक माझ्याकडे रेडिओ दुरुस्तीले आणतात गा."

शहाऐंशी साली रेल्वेतल्या एका गार्डाचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, जाताना त्यांनी त्यांची जपानी बनावटीची लाल गिटार अश्विनला विकली. तीच आजही त्याची मुख्य गिटार आहे. मोठा अ‍ॅम्प्लिफायर त्यानंतर दहा वर्षांनी आला. शहरातली एक जुनी टॉकीज बंद झाली आणि तिचं सामान भंगारात निघालं. पडद्यामागच्या भोंग्यांना आवाज पुरवणारं व्हॉल्व्हचं यंत्र अश्विननं वजनावर उचललं, लकडगंजमधून सागाच्या फळ्या आणून त्याच्यासाठी पेटी केली आणि तीन महिने खपून ते गिटारजोगं केलं. एका टॉकीजभर माणसांना पुरणारा आवाज आता एका गिटारमागे उभा राहिला. अश्विन त्याच्या अगदी पुढ्यात, चार फुटांवर उभा राहून वाजवायचा. त्याला तो आवाज पाठीवर बसलेला आवडे.

बँडमध्ये माणसं येत-जात राहिली. कायम राहिले दोघे. अश्विन आणि ड्रम वाजवणारा ऋषिकेश. कॉलेजांची संमेलनं, वस्तीतली जयंती, वर्धा रोडवरची हॉटेलं, सगळीकडे दोघं बरोबर.

तीन वर्षांपूर्वी ऋषिकेशनं पहिल्यांदा तक्रार केली.

"तुझी गिटार टोचून राहिली," तो म्हणाला. "ट्रेबल कमी कर."

ट्रेबल म्हणजे आवाजातला वरचा, धारदार भाग. अ‍ॅम्प्लिफायरवर त्याचं एक बटण असतं.

"टोचून कुठे राहिली? उलट बोथट झाली आहे," अश्विन म्हणाला.

त्याला खरंच तसं वाटत होतं. पाच-सहा वर्षांपासून गिटारची चमक हळूहळू जात होती. त्यानं तारा बदलल्या. मग स्पीकर बदलला. ट्रेबलचं बटण थोडं थोडं पुढं सरकत शेवटाला जाऊन टेकलं. एका हॉटेलात तर पुढच्या टेबलावरची माणसं खुर्च्या उचलून मागं गेली. अश्विनला वाटलं, त्यांना पंख्याखाली बसायचं असेल. ऋषिकेशनं दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा भांडण झालं आणि दोघं महिनाभर बोलले नाहीत.

दोष यंत्राचा आहे असं ठरवून अश्विननं टॉकीजचा अ‍ॅम्प्लिफायर उघडला. एका सकाळी त्यानं एक व्हॉल्व्ह बदलला, दोन तारा नव्यानं जोडल्या आणि यंत्र सुरू केलं. गिटार अजून लावलेली नव्हती. खोली शांत होती. सवयीनं त्यानं स्पीकरच्या तारांना मीटर लावलं. सुई उठली आणि चार व्होल्टवर जाऊन थांबली.

स्पीकरमध्ये वीज जाते आहे आणि आवाज नाही. स्पीकर गेला असावा असं त्याला वाटलं. तो वाकून पाहत होता, तेवढ्यात त्याची बायको कौशल्या स्वयंपाकघरातून आली. तिचे हात पिठाचे होते, म्हणून तिनं मनगटं कानांवर दाबून धरली होती.

"बंद करा ते. कानात दाभण घालून राहिलं कोणी."

"काय बंद करू?"

"ती शिट्टी."

"कोणती शिट्टी?"

कौशल्यानं मनगटं खाली घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले ऐकू नाही येऊन राहिली?"

अश्विननं खटका बंद केला. सुई पडली. "हं, गेली," ती म्हणाली. त्यानं पुन्हा सुरू केला. सुई चढली, कौशल्याचे हात वर गेले. असं त्यानं चारदा केलं. चौथ्या वेळी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, तरी तिनं बरोबर सांगितलं. त्याच्या कानांना मात्र चारही वेळा फक्त खटक्याचा आवाज आला.

"पोळ्या राहिल्या आहेत," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानं उलट्या लागलेल्या त्या दोन तारा अदलाबदल करून लावल्या, तेव्हा सुई शून्यावर राहिली.

धंतोलीतल्या दवाखान्यात दीप्ती नावाच्या मुलीनं त्याचे कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर हेडफोन लावून ती म्हणाली, "काका, आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक असला तरी." अश्विननं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग बराच वेळ काही आलंच नाही. त्याला वाटलं मशीन बंद पडली. मशीन चालू होती.

बाहेर आल्यावर दीप्तीनं आलेख पुढं ठेवला. रेषा अर्ध्यापर्यंत बरी चालली होती, सेकंदाला तीन हजार कंपनांच्या पुढं, म्हणजे वरच्या बारीक आवाजांत, ती कड्यावरून खाली पडली होती. असे आलेख अश्विननं नोकरीत शेकड्यांनी पाहिले होते. टेलिफोनची लाइन साधारण तेवढ्यापर्यंतचाच आवाज नेते. माणसाचं बोलणं कळायला तेवढा पुरतो.

"म्हणजे माझा कान टेलिफोन झाला," तो म्हणाला.

दीप्तीला ते कळलं नाही. "कारखान्यात होता का काका?"

"नाही. गिटार वाजवतो."

"जे गेलं ते परत येत नाही. उरलेलं जपायचं. मोठ्या आवाजासमोर उभं राहणं बंद करा."

घरी येताना त्यानं मनात हिशोब लावला. कमी होत होते ते कान, आणि तो बटण फिरवत होता. त्याला बोथट वाटणारा आवाज समोरच्यांना सहा वर्षं टोचत होता. त्या संध्याकाळी तो ऋषिकेशच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "तू बरोबर होता."

"ते मले माहीत होतं," ऋषिकेश म्हणाला. "आता काय करतो ते सांग."

आधी कानाचं यंत्र घेतलं. बोलणं चांगलं ऐकू येऊ लागलं, पण यंत्र लावून गिटार वाजवली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटे. मग कुणाच्या तरी कानांवर विसंबणं एवढाच उपाय उरला. ऋषिकेशला टोचलेलं कळायचं, पण ड्रममागे बसून त्याचेही कान थोडेफार झिजले असणार. कौशल्यानं पस्तीस वर्षं अंगणवाडीत पोरांच्या गलक्यात काढली होती. तिला दवाखान्यात नेऊन तपासलं, तिचे कान वयाच्या मानानं उत्तम निघाले.

"मले त्यातलं काय समजते?" ती म्हणाली.

"समजायचं नाही. टोचते का नाही, तेवढंच सांगायचं."

रोज दुपारी जेवणानंतर ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. हातात निवडायची भाजी असे. अश्विन वाजवी आणि एकेक बटण फिरवी. तिनं आपले शब्द तयार केले. चुरचुरते, खरडते, झाकण ठेवल्यावाणी, बरं आहे. "बरं आहे" म्हटलं की अश्विन त्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका देई. ज्या जागी तिला बरं वाटे तिथं त्याला स्वतःला गिटार घोंगडीखालून आल्यासारखी ऐकू येई. पहिले काही दिवस त्याचा हात आपोआप बटणाकडे जायचा. मग त्यानं ट्रेबलच्या बटणाची टोपीच काढून ठेवली.

सगळी खोकी झाली, शेवटी रुपरावचा फझ आला. कौशल्यानं भाजीची परात खाली ठेवली.

"याचा ठिपका कुठे देऊ?" अश्विननं विचारलं.

"हा मले कधीच नाही आवडला."

"कधीच म्हणजे?"

"लग्न होऊन आल्यापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी कधी विचारलं?"

एक्केचाळीस वर्षं तो समजत होता की तो आवाज घरात सगळ्यांना आवडतो. त्याला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. त्या दिवशी त्यानं पुढं वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र फझ पुन्हा लावला आणि म्हणाला, "आवडत नाही ते ठीक. पण कमीत कमी कुठे खराब आहे?" तिनं अर्धा तास ऐकून एक जागा सांगितली. ठिपका पडला.

मागच्या हिवाळ्यात बँडनं पुन्हा हॉटेलात वाजवलं. अ‍ॅम्प्लिफायर आता अश्विनच्या मागं नव्हता, बाजूला वळवून ठेवला होता आणि आवाज निम्मा होता. अश्विनच्या कानांत बोळे होते. कौशल्या तिसऱ्या टेबलावर बसली. हॉल भरत गेला तसा आवाज बदलला. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच ती उठली, चार पायऱ्या चढून मंचावर गेली, टोपी काढलेल्या बटणाच्या उघड्या दांडीला धरून ट्रेबल केसभर पुढं सरकवला आणि परत येऊन बसली. अश्विनला काहीच फरक कळला नाही. तो वाजवत राहिला. कार्यक्रम संपल्यावर ऋषिकेश म्हणाला, "आज आधीसारखी वाजली."

"असेल," अश्विन म्हणाला.

ती आधीसारखी वाजली हे तो लोकांच्या सांगण्यावरून मानतो. तो आवाज त्याला स्वतःला पुन्हा ऐकू आलेला नाही आणि येणारही नाही. याबद्दल विचारलं तर तो सांगतो की बोटांना ठाऊक आहे, आणि विषय बदलतो.

यंदाच्या तपासणीत रेषा आणखी थोडी खाली गेली. उन्हाळ्यात एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी बँडला बोलावलं होतं. त्याच दिवशी उमरेडला कौशल्याच्या बहिणीच्या नातीचं लग्न निघालं. अश्विननं ऋषिकेशला फोन केला आणि कौशल्याला जमत नाही असं सांगितलं. ऋषिकेशनं कॉलेजवाल्यांकडून पुढच्या आठवड्याची तारीख मागून घेतली. अश्विनही लग्नाला गेला. जेवणाच्या पंगतीत बँडवाल्यांचे भोंगे अगदी जवळ होते. कौशल्यानं त्याला हाताला धरून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं.