गुटगुटीत बाळ, पहिला नंबर

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फोटो आहे. त्यात माझी आठ महिन्यांची लेक बक्षिसाचा स्टीलचा डबा कवटाळून बसलीय आणि शेजारी मी अशी ताठ उभी, जसं काही डबा मीच पटकावलाय. हल्ली तो फोटो बघितला की डोक्यात सणक जाते.

तेव्हा मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगला होते. लेक तीन महिन्यांची झाली आणि मी पहिल्या पाळीला रुजू झाले. अंगावरचं पाजणं सुटलं, पावडरचा डबा आला. किती पाण्याला किती चमचे, ते डब्यावर सरळ लिहिलेलं. पण सासूबाई घोटीकडच्या, त्यांचं पहिलं लेकरू सुकून सुकून गेलेलं. त्या म्हणायच्या, "एवढं पातळ नको देऊ गं, अंगी लागत नाय." त्यांच्यावर ढकलून मी मोकळी झाले असते, पण वरचा चमचा घालायचे मीच. एक पावडरचा, एक साखरेचा. पोरगी गाढ झोपायची आणि मला वाटायचं, किती गुणाची! अर्ध्या बाटलीवर तिनं तोंड फिरवलं, तरी गाल दाबून उरलेलं पाजायचे. पोट भरलं हे ती सांगत होती अन् मी ऐकत नव्हते. काय म्हणावं अशा आईला?

दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमात आमच्या कॉलनीत गुटगुटीत बाळ स्पर्धा असते. स्पर्धा कसली, नुसता वजनकाटा! लेकरू ठेवायचं, आकडा वाचायचा, टाळ्या वाजवायच्या. मी तर आधी दुधात बिस्किटं कुस्करून वाटीभर भरवून नेलं होतं. पहिला नंबर आला. बायका गाल ओढत म्हणाल्या, "अगं बाई, लोण्याचा गोळाच!" घरी येऊन मी तिची दृष्ट काढली.

आता ती सात वर्षांची आहे. एक जिना चढली की धापा टाकते. मानेवर काळपट पट्टा आला, तो मळ समजून मी महिनाभर घासत होते. डॉक्टर म्हणाले, "मळ नाही हो, वजनामुळे आहे. असंच वाढलं तर पुढे शुगरचा त्रास होईल." लहानपणी काय पाजायचात, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरात बिस्किटं बंद केली. तर सासूबाई माझ्या मागे तिच्या हातात लाडू ठेवतात! रोज वाजतं आमचं.

गेल्या आठवड्यात शाळेत सगळ्यांची वजनं घेतली. पोरं हसली असतील, रडत येईल, म्हणून मी दारातच उभी होते. ती उड्या मारत आली. दप्तर फेकलं आणि टीव्हीवरच्या फोटोकडे बोट दाखवत म्हणाली, "आई, वर्गात माझंच वजन सगळ्यात जास्त! परत पहिला नंबर! आता काय मिळणार मला?"