थांबलेल्या बसचे अध्यक्ष

समस्त नागरिकांना, विशेषतः ज्यांची गाडी या क्षणी कुठल्या तरी चौकात उभी आहे त्यांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की या पृथ्वीतलावर मेट्रोची वाट माझ्या साडूंइतकी कोणीही पाहिलेली नाही. नव्या नवरीने माहेरी न्यायला येणाऱ्या मुऱ्हाळ्याची पाहिली नसेल, उमेदवाराने तिकिटाची पाहिली नसेल, अशी वाट या माणसाने पाहिली. आणि मेट्रो म्हणजे पुण्यातली नव्हे बरं का. ती आली, धावू लागली, साडू तिच्यात बसून आले आणि ‘बरी हाय, पन आपली न्हाई’ असा शेरा मारून मोकळे झाले. त्यांची मेट्रो म्हणजे आमच्या भागातून निघून भोसरी, मोशी करत थेट चाकणला जाणारी. म्हणजे जी अजून कागदावर धावते ती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. रहाटणीचं जुनं घराणं. जिथे त्यांचे वडील ज्वारी पेरत तिथे आता सात मजली इमारत उभी आहे, आणि त्या इमारतीत साडूंना हवा तो मजला निवडायची मुभा होती. बिल्डर म्हणाला, वरचा घ्या, वारा येतो. ताई म्हणाल्या, खालचा घ्या, गुडघे दुखतात. साडूंनी तिसरा घेतला, कारण मेट्रोचा प्लॅटफॉर्म साधारण तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर येतो. त्यांच्या हिशेबाने स्टेशन बाल्कनीच्या अगदी समोर होणार होतं. ‘मी तिकडं उभा, हिनं इकडून नुसता हात लांबवायचा, की डबा माझ्या हातात!’ बाल्कनीत त्यांनी ताईंना कपडे वाळत घालू दिले नाहीत. उद्या हजारो प्रवासी बघणार, त्यांना आपले लेंगे-परकर कशाला दाखवायचे? समोर अजून चिंचेचं झाड आणि पंक्चरचं दुकान आहे. पंक्चरवाला अधूनमधून वर बघून विचारतो, “काका, आली का गाडी?” आणि साडू मनापासून मान वळवून रस्त्याच्या टोकापर्यंत बघतात.

आम्ही दोघं चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एकाच कंपनीत. ते पेंट शॉपमध्ये, मी स्टोअरमध्ये. जाणं-येणं कंपनीच्या बसने. आयुष्यात त्यांची इच्छा एकच: रिटायर व्हायच्या आत एकदा, फक्त एकदा, मेट्रोनं कामावर जायचं आणि गेटवर वॉचमनने विचारण्याआधीच सांगायचं, ‘आज बसनं न्हाई, मेट्रोनं आलो.’ या एका वाक्यासाठी त्यांनी एक अख्खी चळवळ उभी केली. ‘चाकण मेट्रो झालीच पाहिजे कृती समिती.’ अध्यक्ष ते स्वतः. सचिव आमच्या बसचे ड्रायव्हर शब्बीरभाई. सभासद म्हणजे बसमध्ये जो चढेल तो.

या समितीची घटना फार साधी होती. बस थांबली की बैठक सुरू, बस हलली की बैठक तहकूब. लोक जमवायचे कसे ही पुढाऱ्यांची मोठी डोकेदुखी असते. साडूंना ती कधी झालीच नाही. लोक जमलेलेच असत, दार बंद असे, आणि काचेतून नजर पोचेल तिथवर कंटेनरच्या पाठी दिसत. भोसरीच्या पुढे बस थबकली की साडू खिडकीजवळच्या आपल्या सीटवरून उठत, सदऱ्याचं वरचं बटण लावत आणि म्हणत, “बंधूंनो, आपन आज इथं का जमलो हाय?” मागून आवाज येई, “ट्रॅफिक हाय म्हनून!” साडू दुखावत नसत. “तेच! तेच सांगतोय मी!” मग वाहतुकीची दशा, पुढाऱ्यांची निष्क्रियता, मेट्रोची दिशा असं भाषण रंगात यायचं, तेवढ्यात पुढचा कंटेनर सरकायचा आणि शब्बीरभाई सचिवाच्या अधिकारात खणखणीत ओरडायचे, “अध्यक्ष, सुटलं!” की साडू वाक्य अर्धवट टाकून खाली बसायचे. उरलेलं वाक्य पुढच्या चौकात.

ठराव हात वर करून मंजूर होत. उशिरा चढलेले चार-पाच जण उभ्याने यायचे, त्यांचे हात वरच्या दांडीला असायचेच. साडू ते बिनदिक्कत ठरावाच्या बाजूने धरायचे. एकदा एका नव्या पोराने हरकत घेतली, “अध्यक्ष, माझा विरोध आहे.” साडू म्हणाले, “मग हात खाली घे.” त्याने घेतला, तेवढ्यात बसने आचका दिला आणि पोराने दांडी दोन्ही हातांनी पकडली. “लिवून घ्या शब्बीरभाई,” साडू म्हणाले, “दोनी हातांनी पाठिंबा.” समितीच्या उभ्या आयुष्यात एकही ठराव फेटाळला गेला नाही, याचं श्रेय त्या दांडीला जातं.

मध्यंतरी बातमी आली की या मार्गावर मोठी नव्हे, लाइट मेट्रो होणार. डबे कमी, खर्च कमी. साडूंना तो रहाटणीचा अपमान वाटला. “का? आमी काय लाइट मानसं हाय? आमचा मागच्या सीटवरचा पैलवान येकटा बसला तरी ती लाइट मेट्रो कलंडंल!” पैलवानाने विनयाने मान डोलावली. निषेधाचा ठराव मोशीत मांडला आणि कुरुळीत मंजूर झाला. पुढच्या आठवड्यात बातमी आली की लाइट नव्हे, मोठीच होणार. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा लाइट. साडू दर वेळी पेपर घडी घालून खिशात ठेवत आणि म्हणत, “आपला दबाव वाढाय लागलाय.”

निवडणुकीचा वास हवेत आला तेव्हा आमच्या बसला भलतेच दिवस आले. ज्यांच्या नावामागे फ्लेक्सवर कित्येक वर्षं ‘भावी नगरसेवक’ ही पदवी पक्की बसली आहे, असे एक साहेब नाशिक फाट्याला बसमध्ये चढले. चार हात मिळवू, मोशीच्या चौकात उतरू, असा त्यांचा बेत. पण तो कांद्याच्या बाजाराचा दिवस. मोशीच्या अलीकडे बस जी रुतली ती रुतलीच, आणि दाराला असा कंटेनर चिकटला की दार उघडायलाही जागा नाही. भावी साहेबांच्या कपाळावर घाम. साडूंच्या चेहऱ्यावर मात्र घरी जावई जेवायला आल्याचा आनंद. खिडकीला लागून कांद्याचा ट्रक उभा होता. साडूंनी ट्रकवाल्याशी चार गोड शब्द बोलून पिशवीभर कांदे मिळवले आणि सीटांच्या मधल्या जागेत एकेक कांदा मांडून साहेबांना अख्खा मेट्रो मार्ग समजावू लागले. हा नाशिक फाटा, ही भोसरी, ही मोशी, हे चाकण.

“आमच्या वॉर्डात एकच कांदा?” साहेब म्हणाले. “दोन ठेवा की!”

“ठेवा तुमच्या हातानं,” साडू म्हणाले. साहेबांनी ठेवला. ते बघून पिंपळे गुरवची मंडळी उठली. त्यांची वस्ती जास्त, म्हणून त्यांना थोरला कांदा पाहिजे होता. एकाला आपल्या मेव्हण्याच्या हॉटेलपाशी स्टेशन हवं होतं, त्याने चाकणच्या स्टेशनात हात घातला. दोन कांद्यांमधल्या कांद्याला नाव कुठल्या गावाचं द्यायचं यावरून दोघांनी एकमेकांचा बाप काढला. आणि वाद ऐन रंगात असताना पुढून आरोळी आली, “अध्यक्ष, सुटलं!” शब्बीरभाईंनी गिअर टाकला आणि अख्खी मेट्रो गडगडत मागच्या सीटखाली गेली.

“अहो, माझं स्टेशन कुठंय?” साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ओणवे होऊन विचारत होते.

“साहेब,” मागून पैलवान म्हणाला, “भोसरी, मोशी, चाकण, समदं माझ्या चपलंपाशी हाय. तुमाला कोनतं पायजे?”

साहेब दोन्ही खिशांत एकेक कांदा घालून उतरले. पुढच्याच आठवड्यात नाशिक फाट्यावर त्यांचा नवा फ्लेक्स लागला: ‘चाकण मेट्रोचे शिल्पकार’. साडू त्याखाली बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, चिडले असतील. तर म्हणाले, “बघा पाव्हणं, कांद्याचं बी काम झालं.”

पण एक दिवस असा उगवला की मला साडूंची काळजी वाटू लागली. कुणी मोठे मंत्री चाकणला येणार होते, मेट्रोबद्दलच काही बोलणार होते, म्हणून पोलिसांनी सगळा रस्ता सकाळीच मोकळा करून ठेवला. आमची बस सुसाट निघाली. भोसरी आली-गेली, मोशी आली-गेली, इंद्रायणीचा पूल तर नीट बघूही दिला नाही. साडू बैठकीसाठी अर्धे उठलेले, ते तसेच दांडी धरून राहिले. त्यांचं बटण लागेना. कंपनीचं गेट दिसलं तेव्हा ते माझ्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाले, “पाव्हणं, रस्ता येवढाच हाय व्हय?” त्या दिवशी त्यांनी कॅन्टीनमध्ये दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

रिटायर होण्याचा महिना लागला, मेट्रो काही लागली नाही. वॉचमनला सांगायचं वाक्य तसंच राहणार हे एव्हाना स्पष्ट होतं. पण साडूंना घोर वेगळाच लागला होता. “माझं ऱ्हाऊ द्या,” ते म्हणायचे, “समितीचं काय?” मी सुचवलं, घरी घ्या बैठका. रविवारी घेतली. ताईंनी पोहे केले, बाल्कनीत सतरंजी घातली. माणसं आली, पोह्यांना छान म्हणाली, साडूंनी बटण लावून “बंधूंनो” म्हटलं आणि एकाला पाहुणे आठवले, दुसऱ्याला गॅस आठवला. चहा होईपर्यंत सतरंजीवर मी आणि शब्बीरभाई. साडू रिकाम्या सतरंजीकडे बघत म्हणाले, “हितं उठून जाता येतं ना. तीच गोम हाय.”

शेवटच्या दिवशी कंपनीने रीतसर निरोप दिला. हार, शाल, श्रीफळ, मॅनेजरचं भाषण. साडू त्या भाषणभर खिडकीतून पार्किंगमधल्या बसकडे बघत होते. पहिली पाळी सुटली आणि आम्ही निघालो. पैलवानाने आपली सीट सोडून पुढे येऊन सगळ्यांना पेढे वाटले. कुरुळीच्या पुढे बस थांबली. नेहमीची गर्दी नव्हती ही. रस्त्याची एक बाजू हिरव्या पत्र्यांनी बंद केलेली, त्याच्या आड एक उंच यंत्र जमिनीत भोक पाडत होतं. पत्र्यावर मेट्रोचं नाव.

साडू खाली उतरले. दार उघडायला जागा होती. पत्र्याच्या फटीतून ते आत गेले, आम्ही खिडक्यांना लटकलो. आत हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनिअर म्हणाला, “अंकल, इधर नहीं आना. अभी तो सिर्फ मिट्टी देख रहे हैं.” साडूंनी गळ्यातला हार काढला आणि त्या चिखलाने माखलेल्या यंत्राच्या दांड्यात अडकवला. “बघा, बघा,” ते इंजिनिअरला मराठीतच म्हणाले, “निवांत बघा. आमची मातीच हाय.”

परत येऊन ते आपल्या सीटपाशी उभे राहिले. बस थांबलेली, माणसं जमलेली, दार बंद. बैठक भरली होती. पण अध्यक्षांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. मग शब्बीरभाईच आरशातून बघत म्हणाले, “सचिवाचा एक ठराव हाय. खिडकीची ही सीट मेट्रो येईस्तोवर अध्यक्षांच्या नावानं मोकळी ठेवायची. अध्यक्षांनी आठवड्यातनं एकदा तरी यायचं.” सगळ्यांचे हात वर गेले. उभ्या असलेल्यांनीसुद्धा दांडी सोडून हात वर केले, आणि एकमेकांच्या खांद्यावर कलंडले. साडूंनी हात मोजायला सुरुवात केली. सावकाश, एकेका चेहऱ्याकडे बघत, शर्टाच्या बाहीने डोळ्यातलं काहीतरी काढत.

पुढचा कंटेनर केव्हाच हलला होता. मोकळा रस्ता आम्हाला सगळ्यांना काचेतून दिसत होता. मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न देत होत्या, पत्र्यापाशी उभा असलेला हवालदार शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता, आणि शब्बीरभाई गिअरवर हात ठेवून समोर बघत बसले होते. अखेर हवालदाराने बसच्या पत्र्यावर दांडकं आपटलं. शब्बीरभाईंनी खूप हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हटलं, “अध्यक्ष, सुटलं.”

आणि ज्या माणसाने हयातभर त्या रस्त्याला, त्या गर्दीला, त्या थांबण्याला शिव्या घातल्या, तो मोजायचा थांबला, बोट तसंच हवेत धरून त्याने रस्त्याकडे बघितलं आणि तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडला, “आं? येवढ्यात सुटलं?”