आता दोघांचा गेम एका टीव्हीवर चालत न्हाई

मित्रांनो, आज केदारखेड्याला चुलत भावाकडं, गणेशकडं गेल्तो. काका वारले तेव्हा मी कुठंतरी भटकत होतो, मातीला आलोच न्हाई. तेच बोलायचं होतं. वाटेत भोकरदनला भजे खात तासभर गेला, ते असो.

आमचं खरं बोलणं गेम खेळतानाच व्हायचं. टीव्हीचे दोन भाग, वरचा त्याचा, खालचा माझा. दोघांची नजर टीव्हीवर असली की काहीबी बोलता यायचं.

आज त्यानं नवा गेम लावला. मी दुसरा कंट्रोलर उचलला.

"ठिव खाली. ह्यात दोघांचं न्हाई. तुझ्या घरून ऑनलाईन ये."

"अरे येड्या, मी हितंच बसलोय की!"

"मंग बघत बस. आउट झालो की देतो."

त्यानं हेडफोन लावला आणि कुठल्यातरी अनोळखी पोरासोबत खेळू लागला. मधीच त्या पोराला म्हणला, "पप्पा गेले ना भाई, म्हणून दोन महिने ऑनलाईन आलो न्हाई. अजून झोप लागत न्हाई बराबर."

मी बाजूलाच होतो. टीव्हीकडं बघत राहिलो. चहा आला, पिलो, निघालो.

आता एसटीत बसून हे लिहून राह्यलो. रडू न्हाई, राग बी न्हाई. तुम्ही असलं बोलणं तोंडाकडं बघून कसं करता?