चार खुंट्यांमधला सरवा

केसरबाईच्या लेखी माणसं दोनच प्रकारची. धान कापणारी आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर उभं राहून कापणाऱ्यांकडे बघणारी. दुसऱ्या प्रकाराबद्दल तिचं मत साठ वर्षांत बदललं नव्हतं. नवव्या वर्षी हातात विळा आला. पुढे नवरा गेला, पोरी एटापल्लीकडे दिल्या, कंबर वाकली. मनगट तेवढं तसंच राहिलं. आरमोरीजवळच्या तिच्या गावात पाच बायांची टोळी अजून तिच्याच शब्दावर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरते.

कापताना लोंब्या गळतात. त्या गळलेल्या लोंब्या म्हणजे सरवा. त्या वेचणारीच्या. मालकानं मोजायच्या नाहीत, बाईनं मागायच्या नाहीत. बायांनी मनगट जरा सैल ठेवायचं, मालकानं मान जरा वळवायची. सरव्याचा तांदूळ केसरबाई वेगळ्या टोपलीत ठेवते. बुद्धपौर्णिमेला विहारातली खीर त्याचीच. "हा तांदूळ मले कोणी मोजून देल्ला नाई," एवढंच ती सांगते.

यंदा मालक दिनेशभाऊच्या बांधीत नागपूरहून एक साहेब आला. प्रफुल्ल त्याचं नाव. त्याच्या तक्त्यात खाणी, कारखाने आणि शेतं एकाच रांगेत होती. कुठे एक माणूस तासाला किती माल काढतो आणि कोण कोणाच्या पुढे टिकेल, हे त्याला ठरवायचं होतं. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद तुकड्याला त्यानं चार खुंट्या ठोकून दोरी बांधली.

"मावशी, एवढं कापा. मग खाली पडलेलं वेचून वेगळं तोलू. तेवढं नुकसान."

"नुकसान कोणाचं, बा?"

"शेतीचं. कारखान्यात असं होत नाही."

"कारखान्यात सरवा पडत नाई?"

"सरवा म्हणजे?"

केसरबाईनं टोळीतल्या धुरपताकडे पाहिलं. धुरपता पदरात हसली. "सोड बाई, साहेब शिकून राह्यले."

धुऱ्यावर उभा असलेला दिनेशभाऊ मात्र हसला नाही. "साहेब, आकडा बरोबर काढा. जास्त निघाला तर पडलेलंही गोळा करून मळणीत टाकतो. आजवर लक्षच नाही दिलं."

केसरबाईनं विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. याच्या बापानं तीस वर्षं मान वळवली होती आणि याला आता कागद बघून मान सरळ करायची होती.

"पोरींनो," ती हळूच म्हणाली, "एक लोंबी पडू द्याल नाई."

बाया वाकल्या. मूठभर धान धरायचं, तान्ह्या लेकराचं डोकं धरावं तसं, आणि मग विळा. लोंब्या मुठीतच राहिल्या. पाऊण तासानं साहेबानं गुडघ्यावर बसून चारी कोपरे धुंडाळले. एक लोंबी मिळाली नाही. धान झोडून तोललं. एकोणीस किलो. साहेबानं 'नुकसान: शून्य' असं लिहिलं, बायांचा फोटो काढला आणि गाडीत बसून निघून गेला. सरवा म्हणजे काय, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही.

केसरबाईला वाटलं, वाचला सरवा. पण धूळ खाली बसण्याआधीच दिनेशभाऊ बांधीत उतरला.

"म्हणजे तुम्हाले न पाडता कापता येते! इतकी वर्षं लुबाडलं म्हणा ना. उरलेली तीन एकर अशीच कापा."

धुरपताचा चेहरा उतरला. केसरबाई मात्र धुऱ्यावर बसली, पानाची चंची सोडली आणि सुपारी कातरू लागली.

"कापतो ना, भाऊ. वेळ लिहून ठेवली का साहेबानं?"

"पाऊण तास."

"एवढ्याशा तुकड्याले. तीन एकराले महिना लागन. रोजी रोजची द्यावी लागन. अन् धान तवरिक थांबन का, ते तुम्ही धानालेच पुसा."

दिनेशभाऊनं एक लोंबी हातात घेतली. बोट लागताच तीन दाणे गळले.

"कापा बा," तो म्हणाला. "कापत होत्या तसंच कापा." आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागला.

"बापावानी मान वळवाले शिकला," केसरबाई म्हणाली. "उशीर लागला, पण शिकला."

तिसऱ्या दिवशी कापणी सरली आणि बाया सरवा वेचायला निघाल्या. चिमण्या पुढे पुढे उडत होत्या. खुंट्यांच्या जागी चार भोकं तेवढी उरली होती. धुरपता त्यांच्यामध्ये शिरली तशी केसरबाईनं तिला हात धरून मागे ओढलं.

"इथी कुठी जातं? हे साहेबाचं आहे. इथी काहीच नाई."