आत्याबाईंचा ट्रॅक्टर कुठे गेला

मालेगावच्या आमच्या घरात कॉम्प्युटर एकच आहे आणि तो पुढच्या खोलीत खिडकीजवळ असतो. सकाळी त्यावर माझे सासरे बसत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते शाळेत कारकून होते. रिटायर झाल्यावर नातेवाइकांचे अर्ज आणि लग्नाच्या याद्या टाईप करून देण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. संध्याकाळी मी बसायची, एका क्लासच्या प्रश्नपत्रिका टाईप करायला. सुट्टीत धाकटा दीर पुण्याहून आला की मशीन त्याच्या ताब्यात जायचं. सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या वाट्याला त्या कॉम्प्युटरची फक्त धूळ आली होती. रोज दुपारी मामाजी वाचनालयात पेपर वाचायला गेले की त्या ती फडक्याने पुसत.

दिवाळीच्या सुट्टीत दिराने त्यावर शेतीचा एक गेम टाकला. मूळ गेममधलं शेत परदेशी होतं. ते आपल्यासारखं दिसावं म्हणून त्याने बरेच मॉड जोडले. मॉड म्हणजे कुणीतरी हौसेने घरी बनवलेले, गेमला बाहेरून लावायचे सुटे भाग. त्यात आपल्याकडे दिसतो तसा लाल ट्रॅक्टर होता, सोयाबीन होतं, मळणीचं मशीन होतं. सुट्टी संपल्यावर दीर पुण्याला गेला आणि गेम तसाच राहिला.

एका दुपारी मी चहा घेऊन बाहेर आले तर आत्याबाई फडकं मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेल्या. पुसताना माऊसला धक्का लागून गेम उघडला होता.

"हे वावर कोनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"कोनाचंच नाही, आत्याबाई. खेळ हाय तो."

"मंग हा ट्रॅक्टर कायले उभा हाय?"

मी त्यांना बटणं दाखवली. आमचं किन्हीराजा गावाला शेत आहे. त्या शेतात त्यांनी तीस वर्षं पेरलं, तण निंदलं, पीक सोंगलं, पण ट्रॅक्टर आला की त्याच्यावर ड्रायव्हर असायचा आणि त्या बांधावर उभ्या असायच्या. आठ दिवसांत त्या इतका सरळ तास, म्हणजे नांगराची ओळ, काढायला लागल्या की मी बघत राहायची. चार बटणं ओळखू यावीत म्हणून त्यांनी त्यांच्यावर टिकल्या चिकटवल्या. त्यांची तक्रार एकच होती.

"एवढं मोठं वावर अन् निंदाले एक बाई नाही. असं कुठं राह्यते काय?"

मामाजींना यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. तसं ते रागावले नसते. पण त्यांना सल्ले द्यायची फार हौस, आणि आत्याबाईंना कुणी बाजूला बसून सल्ला दिलेला खपत नाही.

मग एका दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावलं. आवाज अगदी शांत होता.

"माहा ट्रॅक्टर चोरीले गेला."

खरंच गेला होता. शेड रिकामी होती. सोयाबीनच्या जागी भलतंच काही उगवलं होतं आणि आमची ट्रॉली एकटीच वावरात उभी होती. मी दिराला फोन लावला. तो कॉलेजात होता, घाईत म्हणाला, "वहिनी, एखादा मॉड बिघडला असंल. सगळे बाहेर काढा अन् एकेक करून लावून पाहा."

आत्याबाईंना ते लगेच पटलं. "बरोबर हाय. लग्नात जेवून पोट बिघडलं तर पयले इचारतेतच ना, कोन काय खाल्लं म्हनून."

मी मॉडचा फोल्डर उघडला आणि हसू आवरेना. आतल्या फायलींची इंग्रजी नावं गेली होती. त्यांच्या जागी शुद्ध मराठीत, मराठी आकड्यांनी, यादी लागली होती. १. लाल ट्रॅक्टर. २. मळणी यंत्र. ३. सोयाबीन. ४. विहीर (जुनी). शेवटी, १४. काय आहे कळले नाही.

मी ती मोठ्याने वाचून दाखवली. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. घरात 'यंत्र' लिहिणारा माणूस एकच होता.

फाईलचं नाव बदललं की गेम तिला ओळखत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण जुनी नावं कुणाला आठवणार? मामाजींनाच विचारायला हवं होतं, आणि विचारलं तर सगळं उघड होणार होतं. मी विचारात पडले. आत्याबाई नाही पडल्या. मामाजी वाचनालयातून येऊन चपला काढतात न काढतात तोच त्यांनी विचारलं,

"अवो, माह्या ट्रॅक्टरचं नाव तुमी काहून बदललं?"

मामाजी चपला नीट लावत राहिले. मग म्हणाले, "तुले इंग्रजी वाचता येत नाही म्हनून. म्हटलं तुले तुह्या वस्तू सापडल्या पायजे."

मी विचारलं, "मामाजी, तुमाले कधीपासून मालूम हाय?"

"चष्मा विसरलो होतो तवापासून. घेयाले वापस आलो तं खिडकीतून ट्रॅक्टरचा आवाज. म्या पाह्यलं, हे मोठ्या ऐटीत नांगरून राह्यली. मंग गेलो तसाच. पेपर त्या दिवशी बिगरचष्म्याचा वाचला."

प्रत्येक फाईलमधलं चित्र उघडून, ओळखून त्यांनी नाव दिलं होतं. दोन सकाळी त्यात गेल्या होत्या. नवीन नावांनी गेम बिघडला हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाईट वाटलं. आत्याबाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी न सांगता त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

शोधता शोधता मला दिसलं की गेम स्वतःच एक यादी ठेवतो, आपल्याला कोणकोणते मॉड लागतात त्याची. त्यात सगळी जुनी नावं जशीच्या तशी होती. मामाजी आपलं मराठी नाव वाचत, मी त्या यादीत त्याचा इंग्रजी जोडीदार शोधून टाईप करी, आणि आत्याबाई जोडी मंजूर करत. विहिरीवर बराच वाद झाला, कारण पाण्याची टाकीही होती आणि चित्रात दोन्ही गोलच.

तेरा फायली झाल्यावर मी गेम लावला. ट्रॅक्टर आला, पण त्याला चाकं नव्हती. लाल ट्रॅक्टर जमिनीपासून हातभर वर, हवेत, एकदम रुबाबात उभा.

"हे तं विमान झालं," आत्याबाई म्हणाल्या.

चौदावी फाईल तेवढी राहिली होती. मामाजी म्हणाले, "त्याच्यात नुसते काळे गोल होते. म्या म्हटलं, भजे असतीन."

ती चाकं होती. नाव बदललं, गेम पुन्हा लावला, आणि ट्रॅक्टर धपकन जमिनीवर बसला.

आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी उरलेली पेरणी काढली. मामाजी शेजारी बसून होते. वावरातल्या पहिल्या तासाला ते गप्प राहिले, दुसऱ्याला 'जरा डाव्या अंगाले' म्हणाले, तिसऱ्याला त्यांनी 'ब्रेक, ब्रेक' असं दोनदा म्हटलं आणि आत्याबाईंनी गडबडून ट्रॅक्टर ओढ्यात घातला. तो बाहेर काढायला अर्धा तास लागला. कुणाच्या चुकीने पडला यावर जेवण होईपर्यंत चर्चा चालली.

रात्री दिराचा फोन आला. ट्रॅक्टर सापडल्याचं ऐकून तो खुश झाला आणि म्हणाला, याच्यापेक्षा भारी नवीन मॉड आला आहे, पाठवू का?

आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "राहू दे बापा. चालू हाय ते चालू दे. अन् तुह्या बाबाले तं बिलकुल पाठवू नोको."

माझ्या प्रश्नपत्रिका त्या आठवड्यात दोन दिवस उशिरा गेल्या. क्लासच्या सरांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, घरी पेरणी चालू होती. डिसेंबरात कसली पेरणी, असं काही त्यांनी विचारलं नाही.