तिसरी ओळ

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, भिंती रंगवतात. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या कंपाउंडवरचे सुविचार, आणि निवडणूक आली की पक्षांची आश्वासनं. पक्ष कुठलाही असो, यांना चालतो. मी चिडवायची, "भाऊजी, सकाळी एकाला निवडून आणता आणि दुपारी दुसऱ्याला!" ते ब्रश डब्याच्या काठाला पुसत म्हणायचे, "मी फक्त अक्षर काढतो गं. खरं-खोटं त्यांचं त्यांनी बघावं."

आणि असं म्हणणारा माणूस स्वतःच काढलेल्या अक्षरावर विश्वास ठेवून बसला! कपाळाला हात लावायचा, दुसरं काय.

ताईच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. जिना चढताना ती मधेच थांबते आणि जणू कठडा पुसायलाच थांबलीय असं दाखवते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशनशिवाय हे वर्ष निघणं कठीण. सरकारी रुग्णालयात नाव लावलेलं होतं, पण तिथली रांग म्हणजे आज मेलात तर उद्या या. म्हणून भाऊजींनी आधीच खासगी विमाही काढून ठेवला होता. अर्धा हप्ता सरकार भरायचं, उरलेला अर्धा हे पोटाला चिमटा काढून भरायचे. पण विमा कंपनी काय खुळी आहे? जुनं दुखणं असेल तर आधी काही वर्षं नुसते हप्ते भरा, मग ऑपरेशनचं बोला. ती मुदत यंदाच्या हप्त्याने पुरी होणार होती. आणि नेमकी हप्त्याच्या तोंडावर निवडणूक आली.

सरकार आपला अर्धा वाटा बंद करणार, अशी कुजबुज सुरू झाली. सत्तेतल्या पक्षाने लगेच पाच आश्वासनं काढली. त्यातलं तिसरं होतं, 'विम्याची सवलत कायम'. भिंतींचं काम भाऊजींकडेच आलं.

ताईच्या खिडकीसमोर एका गोदामाची भिंत आहे. निवडणुकीचा रंग चुन्यात कालवलेला असतो, चार दिवसांनी उडाला तरी कुणाचं बिघडत नाही. पण या भिंतीवरची तिसरी ओळ भाऊजींनी पदरच्या लाल ऑइलपेंटने काढली. 'कायम'वर तर दोनदा हात फिरवला. म्हणाले, "तिला पडल्यापडल्या दिसेल."

त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयातून फोन आला. खाट रिकामी झालीय, सोमवारी या. मी तर पिशवी भरायला घेतली. भाऊजी म्हणाले, "कशाला त्या गर्दीत? दोन महिने थांबू, चांगल्या ठिकाणी करू. त्यांनी लिहून दिलंय आता."

"त्यांनी कुठे लिहिलंय? तुम्हीच लिहिलंय की!" मी ओरडलेच.

ताईने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "थांबू," म्हणाली. तिने आयुष्यात त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, तो तेव्हा तरी कसा पडू देईल? खाट दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

तोच पक्ष निवडून आला. भाऊजींनी ताईला उशाशी बसून निकाल वाचून दाखवला. आमच्याकडची रीत अशी, की हरलेल्यांच्या भिंती पुसतात आणि जिंकलेल्यांच्या तशाच ठेवतात. पण आठवडाभरात पक्षाच्या कार्यालयातला माणूस दारात उभा. चहासुद्धा घेतला नाही त्याने.

"सगळ्या भिंतींवरची तिसरी ओळ तेवढी पुसून टाका. बाकीच्या राहू देत."

"का हो?"

"वरून आलंय."

पेपरात अजून अवाक्षर नव्हतं. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. आतून ताईने विचारलं, "काय म्हणत होते?" भाऊजी म्हणाले, "काही नाही. थोडं दुरुस्तीचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सरकारी रुग्णालय गाठलं. खिडकीतली बाई म्हणाली, "तुम्हीच नको म्हणालात ना? आता नाव शेवटी लागेल." भाऊजींनी हात जोडले. या माणसाला कुणापुढे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागचा माणूस म्हणाला, "अहो, आवरा लवकर."

पुढे व्हायचं तेच झालं. सवलत बंद झाली, पूर्ण हप्ता काही झेपला नाही आणि विमा बुडाला. इतकी वर्षं भरलेलं पाण्यात गेलं.

गावभरच्या ओळी चुन्याच्या एका हाताने गेल्या. समोरची मात्र जाईना. संध्याकाळी भिंत पांढरी व्हायची आणि सकाळी आतून लाल रंग वर यायचा. भाऊजी पुन्हा हात द्यायचे, तो पुन्हा वर यायचा. शेवटी शेवटी 'कायम' एवढंच दिसायला लागलं. लोक फोटो काढून हसायला लागले, तसा कार्यालयातला माणूस भडकला. म्हणाला, "खरवडून काढा, नाहीतर पुढचं काम विसरा."

काल दुपारी भाऊजी खरवडायचा पत्रा घेऊन शिडीवर चढले. ताई आता आडवी होऊ शकत नाही, पाठीशी उशा लावून बसून असते, तोंड खिडकीकडे. बाहेर खर्र खर्र चाललेलं.

"त्यांना म्हणावं, राहू द्या," ताई म्हणाली. मग बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. "दमतात."

तेवढ्यात फोन वाजला. रुग्णालयाचाच होता. नवी तारीख देत होते, पुढच्या वर्षीची. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

"कधीची?" ताईने विचारलं.

"लवकरचीच आहे गं," मी म्हटलं. "अगदी नक्की."

ताईने माझ्याकडे नीट बघितलं. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"तूपण भिंती रंगवायला लागलीस का?"