डिचोलीचा होकार

सदानंद गेल्याची बातमी मला पेडण्याच्या बसस्टँडवर, फोनवरून कळली. हळर्णहून त्याची बायको बोलत होती. "जेवान आडवे पडले, ते उठलेच नाय गो..." मी दोनदा "कोण?" म्हणून विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं. त्याला आता दीड महिना होईल.

आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या दोन शाखा, पेडणे आणि डिचोली. पेडण्याच्या लॅबमधल्या नोंदी माझ्याकडे, दोन्हीकडचे सर्व्हर सदानंदकडे. मी भरलेली प्रत्येक नोंद डिचोलीच्या सर्व्हरवरही उतरायची, आणि तिथून ती पोचल्याचा होकार येईपर्यंत माझ्या पडद्यावर 'जतन झाले' दिसत नसे. इथलं यंत्र बंद पडलं तर तिथल्याने लगेच काम हाती घ्यायचं. याची तालीम तो भर दुपारी करी, सगळं पेडणे झोपलेलं असताना. मुद्दाम इथली वायर उपसायचा आणि डिचोली उभी राहिली की लहान मुलासारखा हसायचा. मला शेजारी बसवून घ्यायचा, मी जांभया द्यायचे. "शालन, डिचोलीन हो म्हटल्याबगर जालां म्हणूचा न्हय," हे त्याने शंभरदा ऐकवलं असेल. छळवादी माणूस! झोपूही द्यायचा नाही.

मधली लाइन गेली की होकार येत नसे, नोंदी अडकून पडत. तेव्हा सगळं रजिस्टरात लिहायचं, हा त्याचा नियम. गेल्या गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात लाइन गेली, खिडकीशी ही रांग लागली, आणि मला रजिस्टराचा कंटाळा आला. अडीअडचणीसाठी त्याने दिलेला पासवर्ड वापरून मी ते होकारासाठी थांबणंच बंद करून टाकलं. पडदा भराभर 'जतन झाले' म्हणू लागला. मी खूश. दुपारी विजेच्या झटक्याने पेडण्याची डिस्क जळाली. लाइन परत आल्यावर डिचोली शहाण्यासारखी उभी राहिली, पण सकाळच्या एकाही रिपोर्टाशिवाय. मोरजीच्या एका म्हातारीच्या वाळक्या हातात पुन्हा सुई टोचावी लागली. सदानंदने एकेकाला फोन करून माफी मागितली. वरिष्ठांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, सर्व्हर काढून घेण्याची भाषा केली. तो एवढंच म्हणाला, "चूक माझीच." मी तिथेच उभी होते.

डिस्कबरोबर माझी करणीही जळाली, असं मी धरून चालले. पासवर्ड आम्हा दोघांकडेच होता, हे सोयीस्कर विसरले. उद्या सांगू, परवा सांगू... लाज वाटायची, अजून वाटते.

गेल्या सोमवारी त्याचं टेबल आवरायचं काम माझ्याकडे आलं. खणात बिघाड टिपायची वही होती. त्या दिवसाच्या पानावर 'कारण' लिहायची जागा कोरी, आणि खाली बारीक पेन्सिलीने : 'शालनक विचारूचा न्हय. ती आपणच सांगतली.'

कारणाची जागा मी भरली, माझ्या नावासकट, आणि वही वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवली. इतके महिने तो वाट बघत होता, आणि मी रोज त्याच्यासमोर बसून चहा पीत होते.